अवघड जागेचे दुखणे

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण आपल्याकडे हसण्यासाठी वापरली जाते. ज्याला दाखवायचे त्यालाच दाखवता येत नाही, अशा कोंडीचे ते चित्र आहे. हसून झाल्यावर मात्र एक गोष्ट ध्यानात येते. या म्हणीत वैद्य घरातच आहे, दुखणेही खरे आहे, उपाय कदाचित सोपाही असेल. अडले आहे ते फक्त बोलण्यापाशी. आमच्या मते चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या आरोग्याचा एक मोठा इतिहास या म्हणीत दडलेला आहे. तो इतिहास उलगडत गेले की गुदद्वाराच्या कर्करोगासारख्या विषयापाशी येऊन थांबावे लागते. मराठीत या विषयावर क्वचितच कोणी लिहिते, आणि तसे का होते याचे उत्तरही वरच्या म्हणीतच आहे.

या भागातून एसटीने प्रवास करणाऱ्याला भिंतींवरील चुन्यात रंगवलेल्या जाहिराती परिचित असतील : ‘मूळव्याध, भगंदर, गुप्तरोग, बिना ऑपरेशन खात्रीशीर इलाज’. तीन निराळे रोग एका ओळीत का बसवले असावेत? वैद्यकदृष्ट्या त्यांचे फारसे नाते नाही. नाते आहे ते लाजेचे. शरीराचा जो भाग झाकायचा, त्या भागाचे सारे रोग एकाच फळीवर मांडले गेले आणि त्यांना ‘गुप्त’ हे विशेषण मिळाले. रोग गुप्त नसतो, तो ठेवला जातो. पण भाषेने एकदा नाव दिले की माणसे त्या नावाप्रमाणे वागू लागतात.

हे नेहमीच असे होते असे नाही. सुश्रुताने अर्श आणि भगंदर यांचे सविस्तर वर्णन केले, इतकेच नव्हे तर गुदद्वाराच्या आत पाहण्यासाठी लागणाऱ्या नळीसारख्या ‘अर्शोयंत्रा’चेही वर्णन केले. म्हणजे ही जागा पाहिल्यावाचून तिचे निदान करू नये एवढे भान त्या काळी होते. सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त ‘फिरंग’ नावाचा नवा रोग नोंदवला. फिरंग्यांबरोबर आलेला आणि संगाने पसरणारा तो रोग म्हणजेच आपल्या बोलीतील ‘गरमी’. भावमिश्राने तो झाकला नाही; नाव दिले, लक्षणे दिली, औषधे दिली. लाजेचे जाड पांघरूण त्यानंतरचे आहे. विसाव्या शतकात ते दूर करण्याचा प्रयत्न र. धों. कर्वे यांनी केला. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्याबद्दल त्यांना अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, हे मराठी वाचकांनी अभिमानाने स्मरावे असे आहे. परंतु कर्व्यांचा वाचक मुंबई-पुण्याचा होता. मूल, सिंदेवाही, धानोरा, एटापल्ली या बाजूला ‘समाजस्वास्थ्य’ पोचण्याचे काही कारण नव्हते.

या भूमीत लाजेच्या रोगाशी पहिला मोठा सामना झाला तो वेगळ्याच रोगाच्या निमित्ताने. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले ते कुष्ठरोग्यांसाठी. औषध उपलब्ध होऊ लागले असतानाही रोगी लपत होता, कारण त्याला जंतूपेक्षा शेजाऱ्याची भीती अधिक होती. आनंदवनाचा धडा असा, की रोगाभोवतीची शरम हाही रोगाचाच भाग आहे आणि तिच्यावर वेगळा उपचार करावा लागतो.

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे १९८६ च्या सुमारास डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन येथे आले आणि ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू झाले. पुढे उभ्या राहिलेल्या रुग्णालयाला आदिवासींच्या माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले आणि त्याची बांधणी आदिवासी गावाच्या धर्तीवर झाली. इमारतीला बिचकणारा माणूस झोपडीत मोकळेपणाने बोलतो, हे त्यामागचे शहाणपण.

राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. बायका त्यांच्यापाशी येऊन सांगू लागल्या ते अंगावरून पांढरे जाण्याबद्दल, ओटीपोटातील दुखण्याबद्दल, पाळीच्या त्रासाबद्दल. त्या काळी ग्रामीण भारतातील स्त्रियांचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन असे समीकरण होते. सरकारी यंत्रणेला बाईची आठवण होई ती एकतर गर्भ राहिला म्हणून, नाहीतर तो राहू नये म्हणून. या दोन्हींच्या मधल्या काळात बाईला काय होते हे कोणी मोजलेच नव्हते. बंग दांपत्याने ते मोजायचे ठरवले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची, त्यांना तक्रार असो वा नसो, तपासणी झाली. निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते; दर बाईमागे सरासरी ३.६ रोग निघाले. त्यांपैकी निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा होता. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया मात्र ५५ टक्केच होत्या. आणि यापूर्वी कधीही स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के.

आम्हांस या आकड्यांपैकी शेवटचा सर्वांत बोलका वाटतो. ९२ आणि ८ यांची बेरीज शंभर होते हा योगायोग खरा, पण त्या योगायोगात साऱ्या व्यवस्थेचे चित्र उमटले आहे. रोग जंगलात दडून बसला नव्हता. तो घरोघरी होता. त्याला कोणी विचारले नव्हते, म्हणून तो दिसत नव्हता. राणी बंग यांच्या मराठी पुस्तकाचे नाव ‘कानोसा’ आहे. त्याहून नेमके नाव आम्हांस सुचत नाही. १९९४ च्या कैरो येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ‘प्रजनन आरोग्य’ ही व्यापक कल्पना जगाने स्वीकारली. ती ज्या पुराव्यांच्या वातावरणात घडली, त्यांत गडचिरोलीच्या या दोन गावांचा वाटा होता.

आता प्रश्न असा, की संसर्गांची ही गोष्ट कर्करोगापर्यंत कशी पोचते? त्यासाठी थोडे दूर जावे लागेल. १८४२ मध्ये इटलीतील व्हेरोना शहरातील मृत्यूंच्या नोंदी चाळताना रिगोनी-स्टर्न या वैद्याला दिसले, की गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत आढळतो आणि जोगिणींत जवळजवळ नाही. तर्क उघड होता, कारण मात्र सापडायला आणखी एकशे चाळीस वर्षे लागली. १९८३ मध्ये जर्मनीत हाराल्ड त्सूर हाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, १६ क्रमांकाचा प्रकार शोधून काढला. पाठोपाठ १८ क्रमांकाचा. २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू अतिशय सामान्य आहे. लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेकांना तो कधी ना कधी लागतो आणि बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो, आणि पुढे दहा-वीस वर्षांनी त्या जागी कर्करोग होऊ शकतो. म्हणजे हा विषाणू लागणे हे कोणाच्या शीलाचे प्रमाणपत्र नव्हे. एकाच जोडीदाराबरोबर आयुष्य काढलेल्या बाईलाही तो होतो.

या शोधाचा व्यवहारात काय उपयोग, याचे उत्तर महाराष्ट्रातूनच मिळाले. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या परिसरात ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद ठेवण्याचे काम १९८७ पासून होत होते. त्याच पायावर, त्या वेळच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा एक अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचा निष्कर्ष आला : आयुष्यात एकदा जरी एचपीव्हीची तपासणी झाली, तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू निम्म्यावर येतात. तपासणी झालेल्या गटात ३४ मृत्यू, न झालेल्या गटात ६४. या दुसऱ्या गटातील बायकांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती अनाठायी होती असे आम्ही म्हणणार नाही. ज्ञान मिळाले ते त्या चौसष्ट जणींच्याही नावावर जमा आहे, हे विसरता कामा नये.

येथवरची वाट तरी थोडीफार मळलेली आहे. गर्भाशयमुखाबद्दल आता शिबिरांतून बोलले जाते. परंतु हा विषाणू तेथेच थांबत नाही. गुदमार्गाच्या आतही एक सीमारेषा आहे. वरून येणारे आतड्याचे नाजूक अस्तर आणि खालून येणारे त्वचेसारखे अस्तर तेथे एकमेकांस भेटतात. गर्भाशयमुखावर अशीच सीमा असते, आणि विषाणूला दोन्हीकडे तेच ठिकाण सोयीचे पडते. १९९७ मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनमधील ३२४ स्त्रिया व ९३ पुरुष अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुदद्वाराच्या कर्करोगाच्या तपासलेल्या नमुन्यांपैकी ८४ टक्के नमुन्यांत धोक्याच्या प्रकारचे एचपीव्ही आढळले. शेजारच्याच गुदाशयाच्या कर्करोगाच्या नमुन्यांत एकातही नाही. हा कर्करोग संसर्गातून येतो, हे त्याने स्पष्ट झाले.

वाचकांनी स्त्री-पुरुषांचे आकडे पुन्हा एकदा पाहावेत. लोकांची समजूत अशी, की हा रोग समलिंगी पुरुषांचा. एचआयव्ही असलेल्या अशा पुरुषांत धोका सर्वाधिक आहे हे खरेच. पण पाश्चात्त्य देशांतील रुग्णांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक भरते. गर्भाशयमुखाचा किंवा योनिमुखाचा कर्करोग अथवा त्याची पूर्वावस्था ज्या स्त्रीला होऊन गेली, तिला हा धोका वाढलेला असतो. विषाणू त्वचेच्या स्पर्शाने एका जागेवरून शेजारच्या जागी जातो. त्यासाठी गुदसंभोग घडलाच पाहिजे असे नाही. धूम्रपानाने धोका वाढतो, प्रतिकारशक्ती खालावली की अधिकच वाढतो. एकंदरीत रोग विरळ आहे : २०२० मध्ये जगभरात गर्भाशयमुखाचे सुमारे सहा लाख नवे रुग्ण, तर गुदद्वाराचे सुमारे एक्कावन्न हजार. विरळ रोगाची अडचण अशी, की डॉक्टरही त्याचा विचार शेवटी करतात. आणि रक्त पडले, आग झाली, गाठ लागली, की आपल्याकडे एकच शब्द तयार असतो : मूळव्याध.

आमच्या नात्यातील मूल तालुक्यातील एका काकूंची कथा येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. वयाने साठीच्या पुढच्या. रक्त पडू लागले. आधी ताक आणि सुरण झाले, मग लोण्यातून नागकेशर झाले, मग भिंतीवरच्या जाहिरातीतला ‘खात्रीशीर इलाज’ झाला, मग एका दवाखान्यातील मलम. या सगळ्यात दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांत एकाही माणसाने, हातमोजा घालून एका बोटाने करायची दोन मिनिटांची तपासणी केली नाही. ती झाली नागपुरात, आणि निदानही तेथेच झाले. उपचारांनंतर त्या वाचल्या. मात्र गाठ वाढलेली असल्याने उपचार लांबले आणि हाल व्हायचे ते झालेच. आधी का सांगितले नाही, असे विचारले तेव्हा काकू त्यांच्या झाडीबोलीत म्हणाल्या, “कोनी इचारलंच नाही, त सांगू कोनाले?” १९८९ च्या त्या निबंधाचे सार याहून कमी शब्दांत कोणाला सांगता आले असते असे आम्हांस वाटत नाही.

दुःखाची गोष्ट अशी, की हा कर्करोग वेळीच सापडला तर बहुधा बरा होणारा आहे. १९७० पर्यंत त्यावर गुदद्वारच काढून टाकणारी शस्त्रक्रिया होई आणि रोग्याला उरलेले आयुष्य पोटावर पिशवी लावून काढावे लागे. १९७४ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइटचे शल्यचिकित्सक नॉर्मन नायग्रो यांनी शस्त्रक्रियेपूर्वी गाठ लहान व्हावी म्हणून किरणोपचार आणि औषधे एकत्र दिली. नंतर कापून काढलेल्या भागात गाठ सापडेचना! तेव्हापासून हीच पद्धत रूढ झाली आणि बहुसंख्य रुग्णांवर शस्त्रक्रियेची वेळ येईनाशी झाली. २०२२ मध्ये आणखी पुढचे पाऊल पडले. एचआयव्हीसह जगणाऱ्या ३५ वर्षांवरील सुमारे साडेचार हजार जणांच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले, की कर्करोगाची पूर्वावस्था शोधून तिच्यावर उपचार केला तर कर्करोग होण्याचे प्रमाण ५७ टक्क्यांनी घटते.

हा शेवटचा निष्कर्ष आमच्या भागाला लागू पडतो तो असा. चंद्रपूर जिल्हा म्हणजे केवळ ताडोबाचे जंगल नव्हे. कोळसा, सिमेंट आणि कागद यांचाही तो जिल्हा आहे. येथे ट्रकचा राबता आहे, परप्रांतीय मजूर आहेत. आणि मिरची तोडणीला तेलंगणाकडे जाणारी येथलीही माणसे आहेत. अशा ये-जा असणाऱ्या वस्त्यांत एचआयव्ही पोचतो. १ एप्रिल २००४ पासून देशात सरकारी केंद्रांतून एआरटीची औषधे मोफत मिळू लागली. तेव्हा तिशीत औषध सुरू केलेला माणूस आज पन्नाशीत आहे. तो जगला, ही केवढी मोठी गोष्ट! पण जगलेल्या माणसालाच म्हातारपणाचे रोग होतात, आणि हा त्यांपैकी एक आहे. दर महिन्याला औषधासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला त्या जागी काही त्रास आहे का, असे विचारायला खर्च येत नाही. पुरुषाशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला तर आणखी एक भीती होती. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम त्याला गुन्हेगार ठरवत होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते रद्द केले. कायद्याचा धाक गेला. तपासणीच्या टेबलावरील संकोच न्यायालयाच्या निकालाने जात नाही.

राहिला प्रश्न लसीचा, आणि येथे इतिहासाने एक विलक्षण वळण घेतलेले आहे. आमची प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. त्याच गोदावरीच्या काठाने खाली गेले की भद्राचलम लागते. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्याच्या त्या भागात आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात २००९ मध्ये मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. खम्मममधील मुली बऱ्याच अंशी आदिवासी, वसतिगृहांतील. काही मुलींच्या मृत्यूनंतर गदारोळ झाला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही, परंतु पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतिपत्रांवर सह्या केल्या होत्या हे उघड झाले, आणि संसदेच्या समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कठोर ताशेरे ओढले. एप्रिल २०१० मध्ये सरकारने देशातील या लसीचे सारे अभ्यास थांबवले होते. त्यांत बार्शी आणि पुणे ही केंद्रे असलेला एक वेगळा अभ्यासही अडकला. त्यातील मुलींना दोन किंवा तीन मात्रा मिळायच्या होत्या. हजारो मुलींना एकच मिळू शकली. पुढे या मुलींवर लक्ष ठेवले गेले आणि २०२१ मध्ये कळले, की एकच मात्राही १६ आणि १८ क्रमांकांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेस मान्यता दिली तेव्हा या अर्धवट राहिलेल्या अभ्यासाचाही पुरावा तिच्यासमोर होता. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लसीस भारतात परवानगी मिळाली. हीच लस गुदद्वाराच्या कर्करोगामागील त्याच दोन प्रकारांवर चालते.

लस चांगली आहे, म्हणून खम्मममध्ये झाले ते चालून गेले असते, असे कोणी म्हणेल तर ते आम्हांस मान्य नाही. गडचिरोलीने जे शिकवले आणि खम्मममध्ये जे चुकले, ते एकाच प्रश्नाशी निगडित आहे : समोरच्या माणसाला विचारले का? वसा आणि अमिर्झाच्या बायकांना विचारले गेले, म्हणून त्या बोलल्या, आणि त्यांच्या बोलण्याने जग बदलले. खम्ममच्या मुलींच्या आईबापांना विचारले गेले नाही, म्हणून चांगल्या लसीवरही संशयाचा डाग पडला आणि देशाची कित्येक वर्षे गेली.

म्हणून अखेर त्या म्हणीकडेच वळतो. दुखणे अवघड नसते, जागाही अवघड नसते. ती अवघड आपण करतो. मूळव्याध म्हणून महिनाभर औषध घेऊनही रक्त थांबत नसेल, तर ‘एकदा तपासून पाहा’ असे डॉक्टरला सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि तपासणे हे डॉक्टरचे काम आहे. जावई वैद्य असला तर असो. त्याला सांगता येत नसेल तर दुसऱ्या वैद्याकडे जावे, पण सांगावे. आणि ज्यांच्यापाशी माणसे येतात, त्या साऱ्यांनी, वैद्य असोत, आशा असोत, दाई असोत, माणूस आपणहून सांगेल याची वाट पाहू नये. आमच्या काकू वाट पाहत होत्या. दोन वर्षे.